राजघाटाच्या मशिदीला सरकारी कुलूप न लावण्याविषयी

प्रति,
मेहेरबान डेप्युटी कमिशनर साहेब बहादूर,
जिल्हा निमाड, मुक्काम खांडवा.

अर्जदार: पंडित वल्द कौतिक, धंदा शेती, राहणार राजघाट, बुऱ्हाणपूर.

विषय: राजघाटाजवळची लहान मशीद बेवारस ठरवून कुलूपबंद करण्याचा हुकूम मागे घेण्याबाबत.

संदर्भ: मशिदीच्या दारावर डकवलेली नोटीस.

महोदय,

अर्जदार हिंदू असून या मशिदीवर त्याचा हक्क नाही व तो सांगतही नाही. त्याचे कपाशीचे शेत मशिदीच्या भिंतीला लागून आहे, एवढाच संबंध. आगगाडी नव्हती तेव्हा मक्केस निघालेले लोक तापीच्या काठाकाठाने सुरतेच्या बंदरास जात. त्यांची गावातली शेवटची नमाज इथे होई, असे जुनी माणसे सांगत. पुढे आजूबाजूची मोमीन विणकरांची वस्ती हातमागाच्या कामासाठी मालेगावास उठून गेली. मागे राहिला एकटा नूरबख्श. तो पागोटी विणी, पाच वेळा बांग देई आणि तिन्हीसांजेला दिवा लावी. अर्जदाराचा तो लहानपणापासूनचा सोबती.

दोन वर्षांमागे नूरबख्श हजला निघाला. पश्चिमेच्या भिंतीकडे बोट करून म्हणाला, "जन्मभर या भिंतीकडे तोंड केलं, पंडितभाऊ. आता भिंतीपलीकडं जाऊन पाहतो." मग किल्ली अर्जदाराच्या हातात देऊन त्याने एक गोष्ट सांगितली. मदिन्याची पहिली मशीद खजुराच्या खोडांवर उभी होती. पैगंबरसाहेब एका खोडाला टेकून लोकांशी बोलत. पुढे त्यांच्यासाठी नवी बैठक केली, तेव्हा ते खोड लेकरासारखे रडू लागले. त्यांनी जवळ जाऊन हात फिरवला, मग खोड उगी झाले. "खोडाची ही गत, तर या भिंतींची काय होईल? दिवा लावत जाय, भाऊ," असे म्हणून तो गेला.

त्या साली मक्केत पटकीची साथ पसरली. बरोबर गेलेले हाजी चांदमियाँ परत आले. ते म्हणाले, "मक्केपर्यंत माझ्यासंगं होता. नंतर गर्दीत दिसलाच नाही." मेला असे कोणी सांगेना, जिवंत आहे असेही सांगेना.

त्यानंतर एका सांजेला अर्जदार दिवा लावून वळला, तर हौदावर कोणी हातपाय धुतल्यासारखा आवाज झाला. पाठोपाठ नूरबख्शचा खोकला. तो खोकला अर्जदार हजार माणसांत ओळखील. हौदापाशी कोणी नव्हते. मात्र फरशीवर ओली पावले उमटली होती. ती उंबऱ्यापर्यंत येऊन थांबली होती. रोज असेच होऊ लागले. अर्जदाराची बायको मनकर्णा हिनेही ती पाहिली. ती भ्याली नाही. म्हणाली, "बिचारा बाहेरच उभा राहतो. कोणी बोलावल्याबिगर कसा येईल आत?"

म्हणून अर्जदाराने चांदमियाँच्या पाया पडून त्यांना आणले. त्यांनी बांग दिली. ओली पावले उंबरा ओलांडून पश्चिमेच्या भिंतीपर्यंत गेली. चांदमियाँ खाली बसून रडले. अर्जदारास वाटले, आता सुटला.

पण दुसऱ्या सांजेला पावले पुष्कळ होती. म्हाताऱ्यांची फरपटलेली, बायांची, एक तर लहान लेकराचे. सगळी उंबऱ्याशी दाटीने थांबलेली. चांदमियाँ पाहून एवढेच बोलले, "सुरतेच्या वाटेनं गेलेले आहेत हे. जे परतले नाहीत, ते." तेव्हापासून ते रोज येऊन बांग देत आणि पावले आत जात. यंदा पावसाळ्यानंतर मालेगावास लेकाकडे गेले, ते तिकडेच राहिले. गावातल्या इतर मशिदींत अर्जदाराने विनवणी केली. कोणी हसले, कोणी घाबरले.

बांगेचे बोल अर्जदारास येत नाहीत व ते उच्चारण्याचा त्याला अधिकारही नाही. चांदमियाँ गेल्यानंतरच्या पहिल्या सांजेस ती सगळी मंडळी काळोख होईतो बाहेर तिष्ठत राहिली. मनकर्णेला ते बघवेना. ती म्हणाली, "पाहुण्याला बोलावतात तसं बोलवा ना." तेव्हा अर्जदार उंबऱ्याच्या बाजूला हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "नूरभाई, या. सगळ्यांना घेऊन या. दिवा लागलाय." पावले आत गेली. हल्ली रोज असेच चालले आहे.

आता येत्या एक तारखेपासून दाराला कुलूप पडणार, असे नोटीस म्हणते. ही जागा बेवारस नाही, हुजूर. तिथे माणसे येतात. हुकूम मागे घ्यावा, दिवा लावण्याची मोकळीक असावी आणि बांग देणारा एक मनुष्य मिळवून द्यावा, ही प्रार्थना.

इतकेही करून कुलूप लावणे भागच असेल, तर हुजुरांनी त्या दिवशी तिन्हीसांजेला स्वतः यावे आणि दारात उभे राहून त्यांना सांगावे. अर्जदाराच्या तोंडून ते निघणार नाही.

हुजुरांच्या पायरीशी उभा,
पंडित वल्द कौतिक
(निशाणी नांगराची)

बुऱ्हाणपूर, ता. ११ डिसेंबर १८९५
दस्तुर: दिगंबर, अर्जनवीस

सोबत: नोटिशीची नक्कल.