होडीची न वाळलेली बाजू

प्रिय ब्लेन,

अक्षर बोसेनाचं, तोंड माझं. माझी ही लेक लिहिताना शिव्या गाळते, म्हणून पत्र फार सभ्य वाटलं की तिथं दोन शिव्या तुझ्या मनानं घाल.

छातीतला खोकला गेला का? तू आमच्या शाळेत बिनपगारी शिकवायला आलीस तेव्हा मी म्हटलं होतं, राजधानीची पोर, चुलीच्या धुरानंच पळेल. वर्षभर टिकलीस. मग फासिका सणाच्या सुट्टीत सरोवर आतून बघायचं आणि दुसऱ्या दिवशी धबधबा, असा बेत केलास. मोटारबोट नको, गेताहुनच्या लव्हाळ्याच्या होडीतूनच जायचं, हा हट्टही तुझाच. माझा जावई कोणाला नाही म्हणत नाही. म्हणून तर बोसेनाचं लग्न जमलं.

मी काठावरून बघत होते. निघताना होडी पाण्याच्या वीतभर वर होती. नदी सरोवरातून सुटते तिथवर जाईतो पाणी तुझ्या मांडीला लागलं. गेताहुन वल्ही मारतोय आणि होडी भिजल्या म्हशीसारखी जड, वळेना, ओढीबरोबर मात्र चालली. तुझी हाक ऐकू आली नाही, उघडलेलं तोंड दिसलं. वाटलं, हिला धबधबा बघायचाय, आता नदीच नेते. मग त्यानं उडी टाकली आणि खांद्यानं रेटत होडी लव्हाळ्यात घुसवली. तू अर्धं सरोवर प्यायलीस, पण वाचलीस.

नावाड्यांच्या पंचांना तू लिहिलंस, ओल्या होडीत बसवलं. खरं तेच लिहिलंस. तेव्हापासून गेताहुनला पाण्यावर बंदी आहे. बाजारात गोणी वाहतो. या रविवारी प्रार्थनेनंतर पंच बसतील आणि त्याचं नाव कायमचं काढायचं का ते ठरवतील. बोसेना त्याच्यावर खेकसते, "अरे, तोंड उघड की, काही कारण असेल." तो म्हणतो, "होडी माझी, चूक माझी."

ब्लेन, लव्हाळ्याची होडी दोन दिवस उन्हात उभी करायची असते, मधे एकदा फिरवायची. ते काम चाळीस वर्षं माझं. त्या सणाला मी जवाची दारू गाळत बसले आणि विसरले. सकाळी त्यानं विचारलं, "आई, मागची बाजू वाळली ना?" मी म्हटलं, "कधीच वाळली." विसरले म्हणायची लाज वाटली, दुसरं काही नाही. त्याला हे ठाऊक आहे. तीन महिने एका ताटात जेवतो आम्ही, रोज पहिला घास तो माझ्या तोंडात घालतो आणि गप्प राहतो. पंचांना मी सांगणारच आहे, पण ते हसतील, म्हातारी जावयाला सोडवतेय म्हणतील. तुझ्या कागदाला ते मान देतील. रविवारच्या आत लिही, की खोटं अस्कालेच आजी बोलली. इथं बोसेनाचा हात थांबलाय, तिला हे आत्ताच कळतंय. लिही बोसेना, माझ्याकडे नंतर बघ.

तुझीच,
अस्कालेच आजी