शेजारच्या खोलीतली शिकवणी

३ मार्च २०२५
हिंगोलीत आले! आखाडा बाळापूरहून एसटीनं, मांडीवर लॅपटॉप, पायाशी गादी. घरमालकीण सोजराबाईंच्या माडीवर दोनच खोल्या. एक माझी, दुसरी आरोहीची. ती पुसेगावची, आमच्याच हळद कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात आहे. खिडकी उघडली की मोंढ्याच्या बाजारातला हळदीचा वास आत येतो. सायबर सुरक्षेची प्रमाणपत्र परीक्षा आम्हा दोघींनाही द्यायची आहे. आधी पास होईल तिला कायमची जागा, असं आमच्या विभागाचे किसनसिंग साहेब म्हणाले. जागा एकच. आईला फोन करून सांगितलं, करुणा साहेबीण होणार. आई आधी गादी उन्हात टाक म्हणाली.

११ मार्च
सराव परीक्षा झाली. मला सहाशे दहा, आरोहीला नऊशे सत्तर. पास व्हायला हजारात साडेसातशे लागतात. एवढे गुण पडूनही ती हसली नाही, त्याचाच जास्त राग आला.

१४ मार्च
आता कळलं! तिला शिकवणी आहे. सकाळी सहाला भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज येतो. ती प्रश्न विचारते, आरोही उत्तर देते. चुकलं की बाई इतकं सोपं करून सांगते, की भिंतीला कान लावून मलाही समजलं. जिन्यावर मात्र कोणी दिसत नाही. सोजराबाईंना विचारलं तर म्हणाल्या, खालचं दार मीच उघडते, कोणीच येत न्हाई. त्याही तिच्याच बाजूच्या.

१९ मार्च
आरोहीला सरळ म्हटलं, तुझ्या बाईंपाशी मलाही बसू दे. तिचा चेहराच उतरला. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "करुणा, तिनं काही विचारलं तर उत्तर देऊ नको. माझं बघ काय होऊन राहिलं." काय होतंय? नऊशे सत्तर होताहेत. जळते माझ्यावर.

२२ मार्च
आरोहीचे वडील माणिकराव ज्वारीचं पीठ घेऊन आले. तिनं दारातच विचारलं, कोण पाहिजे तुम्हाला? त्यांना आधी थट्टा वाटली. मग ती खरंच ओळखत नाही हे कळलं आणि ते जिन्यातच खाली बसले. दुपारी तिला गावी घेऊन गेले. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मी सोजराबाईंकडे तिची खोली मागितली.

२३ मार्च
सकाळी सहा. तिच्या खोलीत मी एकटीच, आवाज अगदी उशाशी. अंगावर काटा आला, पण प्रश्न सोपा होता. मी उत्तर दिलं. "बराबर," ती म्हणाली. इतक्या मायेनं मला कोणी शिकवलं नव्हतं.

३० मार्च
नऊशे ऐंशी. आरोहीला कधी इतके पडले नव्हते.

८ एप्रिल
नांदेडला परीक्षा दिली. पास! कायमची जागा माझी. आरोहीला फोन केला, फक्त ऐकवायला. माणिकरावांनी उचलला. म्हणाले, ती कोणालाच ओळखत न्हाई, नुसती बसून राहते. माझं यश ऐकायला ती शिल्लकच नाही. राग आला मला.

९ एप्रिल
शिकवणी संपली असं वाटलं होतं. पण सकाळी आवाज आला. प्रश्न पुस्तकातला नव्हता. तुझी पहिली शाळा कोणती? पासवर्ड विसरल्यावर विचारतात तसला. मी हसत सांगितलं.

१० एप्रिल
लहानपणीच्या मैत्रिणीचं नाव विचारलं. दिलं. दुपारी ऑफिसात शाळेचा विषय निघाला. मला माझी शाळा आठवेना. मैत्रीणही — होती ना कोणी?
उत्तर दिलं की ते जातं. आरोही हेच सांगत होती.

११ एप्रिल
ओठ घट्ट मिटून बसले. ती गोड आवाजात म्हणाली, "आरोहीनं लगेच सांगितलं होतं. तुला येत न्हाई?"
आणि मी सांगितलं. आईचं नाव.

१२ एप्रिल
सकाळी गावाचं नाव विचारलं. दिलं. मग एका बाईचा फोन. लेकरा, काहून बोलून न्हाई राहिली, म्हणून रडत होती. चुकीचा नंबर असेल. स्क्रीनवर आई असं लिहिलं होतं —
कोणाची?

१३ एप्रिल
पिशवी भरून एसटी स्टँडवर गेले. कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं? मागं रांग. लोक ओरडायला लागले. मला गाव सांगता येईना. परत आले — दुसरीकडे कुठे जाणार —

१४ एप्रिल
बाहेर जयंतीची मिरवणूक. निळे झेंडे, ढोलताशे. डोळे भरून आले — का, ते कळेना —

१५ एप्रिल
एकच प्रश्न राहिलाय म्हणते. माझं नाव.
नाही सांगणार. एवढं तरी —

१६ एप्रिल
म्हणाली, आरोहीनं हे उत्तर शेवटपर्यंत दिलं न्हाई. आजही तेवढंच धरून बसलीय. तू दिलंस तर तिच्या पुढं जाशील —
तिच्या पुढं —
येतं मला. मला येतं, बाई. लिहून देते. माझं नाव क