मारियस, सुल्ला आणि तिसरा माणूस

प्रिय ओर्सेविया,

तिबुरला मावशीकडे तू नीट पोचलीस असं तुझ्या दिंदियसमामांकडून कळलं. तिकडे हवा गार असेल. मावशीच्या घराखालून अनिओ नदी वाहते ना, तिच्यातच सुल्लानं मारियसची राख थडग्यातून उकरून फेकली होती, म्हणजे बघ, मेल्यावरसुद्धा त्याला... जाऊ दे. बघितलंस? चार ओळी झाल्या नाहीत तर मी परत सुरू. इथवर वाचून पत्र खाली ठेवलं असशील तर एकदाच परत उचल. यापुढे सेनापतींबद्दल जेवढं सांगावंच लागेल तेवढंच सांगीन. मामा इथं प्रेनेस्तेत गावभर सांगत फिरतायत की पोरगी थोडे दिवस थंड हवा खाऊन येईल, द्राक्षं उतरली की लग्न ठरल्याप्रमाणेच होणार. मला मात्र माहीत आहे तू हवा खायला गेलेली नाहीस.

गेल्या वर्षी तुमच्या अंगणात हेझलनट वाळत घातले होते ते आठवतं? तू निवडत होतीस आणि मी त्यातलेच उचलून जमिनीवर सैन्य मांडत होतो. इकडे मारियसची फौज, तिकडे सुल्लाची. तू म्हणालीस, "तुझ्या सेनापतींना कधी भूक लागत नाही का रे?" आणि मारियसची अख्खी डावी फळी उचलून टोपलीत टाकलीस. मी चिडलो. मग विचारलं, खरं सांग, तुला दोघांतला कोण आवडतो? तू मान वर न करता म्हणालीस, "प्रेनेस्तेच्या बाईला हे विचारतोस?" मला वाटलं, बायकांना लढाया आवडत नाहीत म्हणून म्हणतेस. मी हसलो आणि पुढे बोलत राहिलो. आता तो दिवस आठवला की कान तापतात. तू बोलायचं दार किलकिलं केलं होतंस. मी तिथंच उभा राहून मारियसच्या पायावरच्या शस्त्रक्रियेची गोष्ट सांगत बसलो. न बांधून घेता एका पायाच्या फुगलेल्या शिरा कापू दिल्या, दुसऱ्याला नको म्हणाला, आणि काय काय.

रोमला आमचे फिलिस्कस गुरुजी हेच शिकवतात. दोन मोठी माणसं घ्यायची आणि तोलायची. कूळ, शिक्षण, लढाया, नशीब, मरण. एकेक मुद्दा घेऊन दोघांना पारड्यात टाकायचं. "आणि प्रत्येक मुद्दा डंख मारून संपला पाहिजे," ते म्हणतात. "टाळी नाही पडली तर तो मुद्दा मेला, पुरून टाक." मला हे फार जमायचं. मारियस खेड्यातला, हाताला घट्टे पडलेला, सात वेळा रोमचा कॉन्सल झाला. सुल्ला मोठ्या कुळातला, पण भाड्याच्या खोलीत वाढलेला. आफ्रिकेतली लढाई मारियसनं जिंकली, पण शत्रूच्या राजाला पकडून आणलं सुल्लानं. त्या पकडण्याचं चित्र त्यानं अंगठीवर कोरून घेतलं आणि जन्मभर प्रत्येक पत्रावर तोच शिक्का मारला, म्हातारा जळावा म्हणून. मग दोघं फौजा घेऊन एकमेकांवर उठले. मारियस जीव वाचवायला गळ्यापर्यंत चिखलात लपला, परत आला आणि रोममध्ये रक्त सांडलं. दुसरा त्याच्यानंतर आला आणि त्याहून जास्त सांडलं. वर स्वतःला 'सुदैवी' म्हणवून घेतलं. इतकं सगळं माणसांचं मरण, आणि मला त्यात फक्त तराजू दिसायचा.

सुट्टीत घरी आलो तर बाबांनी न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगं आता रोमसारखं बोलतं. ते दुकान तुला माहीतच आहे, सुल्लानं जमिनी देऊन इथं वसवलेले सगळे जुने सैनिक तिथं पडीक असतात. त्रेबियसकाका तर दोघांच्याही हाताखाली लढलेले. ते म्हणाले, "मारियसनं पाठीवर ओझं दिलं, सुल्लानं बुडाखाली जमीन दिली. मोठा कोण ते माझ्या बुडाला विचार!" सगळे खिदळले. न्हाव्यानं कुणाचातरी गाल कापला. तिथंच ठरलं की सैनिकांच्या सणाला मी चौकातल्या ओट्यावर उभं राहून दोघांची तुलना करायची. मी घरी रोज घोकत होतो. बाबांनी सगळं ऐकलं होतं. 'नशीब' या मुद्द्याच्या डंखावर आलो की तेसुद्धा हसायचे.

तू आईला, म्हणजे काकूंना, घेऊन येणार हे कळल्यावर मला इतका आनंद झाला होता. तुमच्या जुन्या गावातल्या बायका त्या सणाला कधी येत नाहीत, काकू तर तो चौक टाळून वाट वाकडी करून जातात, आणि माझ्यासाठी त्या आल्या. मागच्या बाजूला खांबापाशी तुम्ही दोघी उभ्या होतात. ते बघून मला आणखीच जोर चढला. मी 'नशीब' या मुद्द्यावर आलो. प्रेनेस्तेनं मारियसच्या पोराला आसरा दिला म्हणून सुल्लाच्या माणसांनी गाव वेढलं, घेतलं आणि इथल्या पुरुषांना खालच्या माळावर नेऊन मारायला काढलं. हे मी असंच एका दमात सांगून टाकलं, कारण डंख पुढे होता. पूर्वी या गावात एका घरी सुल्ला पाहुणा म्हणून उतरायचा. त्या यजमानाला त्यानं बाजूला काढलं, म्हणाला, तू जा, तुला सोडलं. तो माणूस म्हणाला, माझं गाव मारणाऱ्याकडून मला जीव नको. आणि परत जाऊन आपल्या लोकांत उभा राहिला. यावर मी हात पसरून म्हणालो, "अख्ख्या इटलीत असा एकच माणूस निघाला, की नशीब स्वतः दार ठोठावायला आलं तर यानं आतून ओरडून सांगितलं, घरात कुणी नाही!"

काय हशा पिकला! त्रेबियसकाका मांडीवर थाप मारून ओरडले, "पुन्हा म्हण रे पोरा!" काकूंनी डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि निघून गेल्या. मला वाटलं, ऊन लागलं. मी पुन्हा म्हटलं, ओर्सेविया. या वेळी त्या माणसाचा आवाज काढून म्हटलं, घोगरा, म्हाताऱ्यासारखा. आणि म्हणताना तुझ्याकडे बघत होतो, तू हसतेस का म्हणून. तू तिथंच उभी होतीस. नंतर मी खाली आलो तेव्हा म्हणालीस, "छान बोललास." बस, एवढंच. मी त्यावर तुला विचारलं की आवाज मागपर्यंत पोचला का.

दोन दिवसांनी दुकानात मी म्हणालो की सासूबाई जरा रागावलेल्या दिसतात, कारण कळत नाही. त्रेबियसकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू म्हणाले, "गाढवा, तो यजमान म्हणजे तुझा सासरा. तुला माहीत नव्हतं? आम्हाला वाटलं माहीत असून बोललास. म्हटलं, पोरगं धीट आहे, आता पुरतं आपल्यातलं झालं." ते खरंच कौतुकानं म्हणत होते. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

मी घरी गेलो. बाबा वेलींना काठ्या बांधत होते. विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, "माहीत म्हणजे? मी होतो ना तिथं." मग म्हणाले, "तो म्हातारा नव्हता. तू आवाज चुकीचा काढलास. तिशीचा असेल जेमतेम." आणि परत गाठ मारायला लागले. मला विचारायचं होतं, बाबा, तुम्ही तिथं काय करत होता? हातात काय होतं? जन्मभर मी त्यांना लढायांबद्दल विचारत आलो, कुठली फळी कुठं होती, पाऊस होता का, घोडे किती. हा एक प्रश्न मात्र आला नाही. त्या दिवसापासून त्यांनी वाढलेलं जेवतो, पण त्यांच्याकडे बघत नाही. आपली द्राक्षांची ती उताराची जमीन पूर्वी कुणाची होती हेसुद्धा अजून विचारलेलं नाही.

तुझ्या वडिलांबद्दल मी कधीच काही विचारलं नाही. लढाईत गेले, एवढं ऐकलं आणि तेवढं मला पुरलं. मला नावं पाठ होती ती फक्त जिंकणाऱ्यांची.

मग मी काकूंकडे गेलो. तू तिबुरला गेली होतीस, त्या अंगणात एकट्याच हेझलनट फोडत बसल्या होत्या. मी रस्ताभर पाठ करत गेलो होतो. उभ्याउभ्याच सुरू झालो. काकू, मी नीच आहे, पुढच्या बाजाराच्या दिवशी मी त्याच ओट्यावर चढणार, सगळ्या सैनिकांसमोर सांगणार की मारियस आणि सुल्ला दोघांना एका पारड्यात टाकलं तरी तो माणूस भारी पडेल, मग मला गावातून हाकलू देत. त्यांनी दगड माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "बस. फोडायला लाग." मी बसलो. जरा वेळानं म्हणाल्या, "टाळ्या पडतील?" मी म्हणालो, पडोत न पडोत. "पडतील. तू चांगला बोलतोस. शेवटी एखादा म्हातारा रडेलसुद्धा. आधी माझ्या नवऱ्याला लोकांना हसवायला घेतलंस, आता रडवायला घेशील. ओट्यावर दोन्ही वेळा तूच."

मला जागच्या जागी मरावंसं वाटलं. कारण खरं सांगतो, त्या भाषणाचा शेवट मी आधीच जुळवला होता. डंखासकट.

मग त्या जे बोलल्या ते तुला त्यांनी कधी सांगितलंय का, मला माहीत नाही. म्हणाल्या, "मी तटावर होते. बाकीच्या बायकांबरोबर. ही पोटात होती. लोक म्हणतात तो मान ताठ ठेवून गेला. गेला असेल. मला नुसती पाठ दिसली. एकदा वळून वर बघितलं असतं तर मी निदान हात केला असता." आणखी एक फोडला, किडका निघाला, फेकून दिला. "मोठा होता रे तो. तू काय मला सांगतोस? पण त्या सेनापतीनं त्याला विचारलं, त्यानं आपल्या मनाला विचारलं, आणि संपलं. मला कुणी विचारलं का? राहतेस का बाई एकटी? जमेल का?" मी म्हणालो, काकू, हे ओर्सेवियाला सांगू? तर म्हणाल्या, "तिला काय सांगायचं, काय विचारायचं, ते तिचं तिच्याशी बघ. माझ्यामार्फत नको." निघताना ओंजळभर हेझलनट बांधून दिले. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. मी ते दाणे अजून खाल्लेले नाहीत.

मी त्या ओट्यावर आता चढणार नाही, या बाजूनं नाही आणि त्या बाजूनंही नाही. बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, रोमला पाठवून पोरगं मुकं करून आणलं. दिंदियसमामांकडेही जाऊन आलो. म्हणालो, लग्नाचं ओर्सेवियाला विचारायचंय. ते हसायलाच लागले. "तिला काय विचारायचं? तुझ्या बापानं मागितली, मी दिली, जेवणं झाली. सैनिकाच्या घरात पडतेय, बिनबापाच्या पोरीचं नशीबच म्हणायचं हे!" ते असं म्हणाले आणि मला एकदम आठवलं, त्या जेवणाच्या दिवशी मीसुद्धा मनात हेच म्हटलं होतं. प्रेनेस्तेच्या पोरीला आमचं घर मिळतंय. मी तुला मोठं काहीतरी देतोय असं मला वाटत होतं. तू आतल्या दारात उभी होतीस आणि माझं लक्ष त्रेबियसकाकांच्या आफ्रिकेतल्या गोष्टींकडे होतं. तू हो म्हणालीस का, हे मला आठवत नाही. आठवणार कसं, कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून हे पत्र. माफी मागायला लिहायला बसलो होतो, पण माफी मागितली की ती द्यायचं ओझं परत तुझ्यावरच, म्हणून ते राहू दे. मला फक्त एक विचारायचंय, आणि तुलाच विचारायचंय. तुला माझ्याशी लग्न करायचंय का? नको असेल तर दोन शब्द लिही. मग लग्न मी मोडलं असं मी सगळीकडे सांगीन, मामांना, बाबांना, न्हाव्याच्या दुकानातसुद्धा. तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही, आणि का मोडलं ते मी रंगवून सांगणार नाही. हो असेल तरी लगेच लिहू नकोस. कितीही वेळ घे. द्राक्षं उतरली तरी चालेल, सडली तरी चालेल. आणि 'हो' की 'नाही' ठरत नसेल तर तसं लिही, तेही चालेल. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

तुझाच, पण तू म्हणशील तरच,
नुमेरियस