गोर की गोरा

३ जानेवारी, शनिवार

मिळालं! मलाच मिळालं! आमच्या कोर्टाच्या बाररूमला वकीलतात्यांचं नाव द्यायचं ठरलं आणि त्या दिवशी तात्यांवर भाषण माझं. आमचे सगळ्यांत जुने वकील खानसाहेब (यापुढे खा.सा.) सगळ्यांसमोर म्हणाले, "राठोड मॅडम, तात्यांची सबसे मशहूर केस तुमच्याच घरची हाय. तुमी नाई बोलनार तं कोन बोलनार?"

इंग्रजांच्या कोर्टात उभा राहणारा वकील, पुढे दिल्लीला गेलेला खासदार, आणि त्याने सोडवलेला आरोपी म्हणजे माझा पणजोबा सोमला! गोऱ्या साहेबाला हाणलं आणि तरी सुटला! दिवसभर अशिलांशीसुद्धा हसून बोलले. बिचारे घाबरले असतील.

७ जाने.

बाबांना सांगायचा अवकाश, सगळ्या तांड्यात बोभाटा. बाबा म्हणाले, "दोन टेम्पो भरून मानसं आनतो. फ्लेक्स मी करतो, तू मधात बोलू नको." केलासुद्धा! 'गोऱ्या साहेबाला हाणणारे क्रांतिवीर सोमला'. पणजोबांचा फोटो कुठून असणार, म्हणून बाबांनी स्वतःचाच दिला आहे. फेट्यातला. हसून हसून पोट दुखलं.

भाषण लिहायला घेतलं. माझ्यातल्या वकिलाला मात्र एक गोष्ट टोचते आहे. साहेबाला मारलं, साक्षीदारानेही तसं सांगितलं, म्हणतात. मग सोमला सुटला कसा? तात्या मोठे होते, कबूल. पण जादूगार नव्हते.

११ जाने., रविवार

उमरखेडला मोठ्या आत्याकडे. बाबांची आत्या, सोमलाची धाकटी लेक. कान कमी, तोंड चालू. मी मुद्दाम आमच्या गोरबोलीत विचारलं. तिने साक्षीदाराचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, "सोमला गोरेन मारो."

गोरेन, म्हणजे गोरला! मी बाजेवरून उठलेच. गोर म्हणजे आपण! बंजारा! बाहेरचा तो कोर. हे शेंबड्या पोराला कळतं, आणि आम्ही तीन पिढ्या मराठीत गोष्ट सांगत राहिलो आणि गोरचा गोरा करून बसलो!

मग आत्याने सगळंच सांगितलं. बाजारात कुणीतरी जंगलखात्याच्या साहेबाला दगड मारला. पोलिसांनी सोमलाला धरलं. साक्षीला त्याची सासू. ती म्हणाली, "गोरेन मारो." कारकुनाने न्यायाधीशाला सांगितलं, गोऱ्याला मारलं म्हणते. झालं! सोमला आत जाणार. तर तात्या उठले. त्यांना आमची बोली येत होती, तांड्यावर बसून बाटी खाल्लेला माणूस. त्यांनी म्हातारीला एवढंच विचारलं, "बाई, तो गोर दिसायला कसा होता?"

"काळा ठिक्कर! माह्याच तं पोरगा!"

सोमला त्या वेळी तांड्यावर आपल्या साळ्याला बदडत होता. बैलावरून भांडण. साहेबाच्या आसपासही नव्हता. सुटला!

काय केस आहे! काय एक प्रश्न विचारला माणसाने! परतीच्या बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

१२ जाने.

खा.सा.ना सांगितलं. त्यांनी टेबलावर थाप मारली. "वा रे वा! एक लफ्ज पे बरी! एका शब्दावर सुटला! मॅडम, हेच सांगा. हे तर त्याच्याहून भारी हाय." खरंच भारी आहे. पण बाबांचा फ्लेक्स? दोन टेम्पो?

१४ जाने., संक्रांत

तिळगूळ द्यायला गेले. बाबा फेटा बांधायचा सराव करत होते. नाही सांगितलं.

एक युक्ती सुचली आहे. भाषणात नुसतं ते वाक्य म्हणायचं, "सोमला गोरेन मारो," आणि टाळ्या. वकिलांनी गोरा ऐकावं, तांड्याने जे ऐकायचं ते ऐकावं. कुणाचं काही जात नाही. दिवसभर खूश होते यावर. मग आत्याचा फोन, "एक सांगाचं राह्यलं." तात्या निवडणुकीला उभे होते तेव्हाचं. प्रचाराच्या बैलगाडीवरून एक कार्यकर्ता ओरडत होता, गोऱ्याले हाननारा सोमला आमच्यासंगं! तात्यांनी त्याला खाली उतरवलं. म्हणाले, "ज्या आरोपातून मी त्याले सोडवलं, त्याचाच हार घालता काय त्याच्या गळ्यात?"

आत्या तेव्हा लहान होती, पण तात्या इतके चिडलेले तिने एकदाच पाहिले. तरी घोषणा राहिली ती राहिलीच. गोड होती ना.

युक्ती संपली. आता बाबा.

१८ जाने.

सांगितलं. गोरबोलीत सांगितलं, म्हणजे समजवावं लागू नये. वाक्य ऐकल्याबरोबर त्यांना कळलं, चेहऱ्यावरच दिसलं. मग म्हणाले, "म्हंजे इतके दिवस मी गोऱ्याले हाननाऱ्याचा नातू होतो. आता साळ्याले हाननाऱ्याचा झालो."

मला हसू आलं आणि लगेच रडू. म्हटलं, बाबा, खोट्या आरोपातून सुटलेल्याचा नातू.

"ते फ्लेक्सवर बसत नाई," म्हणाले आणि उठून बैलांकडे गेले. टेम्पो येणार की नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

२४ जाने., शनिवार. बाररूम

आले! दोन्ही टेम्पो आले! काकवा कांचोळ्या-फेट्यांत, आरसेवाल्या चोळ्या-घागऱ्या नुसत्या लखलख. आत्याला खुर्चीसकट उचलून आणलं. मला तर इथेच नाचावंसं वाटतंय.

बाबा फेट्यात, पहिल्या रांगेत. फ्लेक्स आणलाय, पण भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. विचारलं, हे काहून?

"तुहं भाषन होऊ दे. मंग पाहू, सरळ कराचा का तसाच वापस न्याचा."

खा.सा. माईकवर माझं नाव घेऊन राह्यले. जाते.