पेटी, नग एक

३ ऑगस्ट, रविवार
कन्या कॉलेजला चालली. हॉस्टेल गाडीने पाच तासांवर. निघायला बरोबर चौदा दिवस आणि घरात कुणालाच गांभीर्य नाही. अठ्ठावीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळणारा माणूस घरात असताना मायलेकी हाताला येईल ते पिशवीत कोंबणार, हे मी होऊ देणार नाही. खरेदी, पॅकिंग, वाहतूक आजपासून माझ्याकडे. तसं जाहीर केलं. कन्या फोनमधून मान वर न काढता म्हणाली, बरं बाबा. विश्वास असावा तर असा.
संकल्प: चिडायचं नाही.

५ ऑगस्ट, सकाळी ७
यादी पूर्ण. त्रेचाळीस नग. बायको म्हणाली, अहो, पोरीला तरी दाखवा. मी म्हणालो, वापरणाऱ्याला विचारून याद्या केल्या तर कारखाने बंद पडतील. ती चिडली. मी चिडलो नाही. आवाज फक्त वाढला.

८ ऑगस्ट
लोखंडी पेटी आणली. जाड पत्रा, दोन्ही बाजूंना कड्या. पेंटरकडून झाकणावर कन्येचं पूर्ण नाव आणि 'ही बाजू वर' असं लिहून घेतलं, बाणासकट. कन्या बराच वेळ बघत राहिली. भारावली असावी. मग विचारलं, बाबा, हे पुसता येतं का? ऑइलपेंट आहे, जन्मात जायचा नाही, असं सांगून तिला निश्चिंत केलं.
माल पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. निघताना सही घेऊन ताब्यात देणार. आधी दिलेला माल हरवतो.

११ ऑगस्ट
कन्येला चादरीचा रंग बघायचा होता. दाखवली नाही. नियम म्हणजे नियम. राखाडी आहे. मळ दिसत नाही.

१३ ऑगस्ट, संध्याकाळी ६
विश्वासघात. शब्द विचार करून लिहितोय.
चप्पल शोधायला कन्येच्या पलंगाखाली वाकलो. तिथे चाकांची नवी बॅग. आत पिवळी चादर, टॉवेल, टेबललॅम्प, सगळं. माझ्या त्रेचाळीसपैकी एकोणतीस नग! माझ्याच घरात दुसरं स्टोअर चालू होतं. बायको शांतपणे म्हणाली, तुम्ही सगळं कुलपात घातलंत, मग आम्ही काय करायचं? खरेदीला मेहुण्याच्या गाडीतून गेल्या होत्या. म्हणजे त्यालाही माहीत. चादरीचा रंग शेजारच्या काकूंनी निवडला. अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक, मला सोडून.
जिला सायकल शिकवताना मी स्वतःचे गुडघे फोडून घेतले, तिने माझ्या पाठीमागे चादर घ्यावी! फार लागलं. जेवलो नाही. नंतर जेवलो, पण बोललो नाही.

१६ ऑगस्ट
सगळ्यांना माफ केलं. कुणी माफी मागितली नव्हती, तरी. पेटी मात्र जाणारच. कोणती चादर टिकते ते कळेल. मेहुण्याच्या गाडीची डिकी मोजली, पेटी मोजली. चार बोटं जागा उरते. उद्या खोली मी लावून देणार. पलंग कुठल्या भिंतीला, कपड्यांची दोरी कुठे बांधायची, सगळं ठरलंय. निरोपाचं छोटंसं भाषणही लिहून खिशात ठेवलंय.

१७ ऑगस्ट, सकाळी ९
पेटी डिकीत जाईना. सवयीने मी तिचं माप आतून घेतलं होतं, माल किती मावतो ते. पत्रा आणि कड्या हिशेबात धरायच्या राहिल्या. शेवटी पेटी मागच्या सीटवर गेली. पुढे मेहुणा आणि बायको, मागे कन्या आणि पेटी. एक माणूस जास्त. त्या चाकांच्या बॅगेला मात्र डिकी ऐसपैस.
कन्या म्हणाली, पेटी राहू दे, बाबा, तुम्ही चला. मी म्हणालो, मी काय, कधीही येईन. माल वेळेवर पोचला पाहिजे. ती पुन्हा म्हणाली. मी तत्त्वाचा माणूस. किल्ली आणि पावती तिच्या हातात दिली, माल तपासून सही कर म्हणालो.
तिसऱ्यांदा कुणी म्हटलंच नाही! गाडी सुटलीसुद्धा. तिसऱ्यांदा म्हटलं की बसायचं, असं मी ठरवलं होतं. आपल्याच माणसांना अर्ध्या मिनिटाचा आग्रह जड झाला. भाषण खिशातच राहिलं.

१८ ऑगस्ट, दुपारी ४
गाडी परत आली. मागच्या सीटवर पेटी. वर सीटचा पट्टा लावलेला.
बायको म्हणाली, खोलीत कपाट भिंतीतच आहे आणि पेटी पलंगाखाली जात नाही. म्हणजे माझ्या जागेवर बसून पेटी फिरून आली. खोली मी अजून पाहिलेली नाही, पेटीने पाहिली.
बायकोकडून किल्ली घेऊन पेटी उघडली. बेचाळीस नग जागेवर. राखाडी चादर तेवढी नाही. वर पावती. कन्येची सही, तारखेसह. मिळालेला माल: चादर, नग एक. त्याखाली शेरा: बाबा, नग एक, पोचला नाही.
शेरा नियमाला धरून नाही. यादीत नसलेला माल कमी आला, असं लिहिता येत नाही. तरी खात्री करावी म्हणून यादी वरपासून खालपर्यंत दोनदा तपासली. बाबा कुठेच नाही.
यादी माझ्याच अक्षरात आहे.