बेडकीचा व्हॉल्व्ह

३ सप्टें., बुध.
रफीकभाईंनी अप्पांच्या कफ ओढायच्या पंपाचा सिलिंडर तिसऱ्यांदा बिघडवला. आतून एका बाजूला घासतोय, दट्ट्या मध्येच अडकतो. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला गोल म्हणजे काय ते मी सांगायचं का? वर हसून म्हणतात, "कल पक्का बहन, टेन्शन नक्को लो." हा 'कल' मी जुलैपासून ऐकतेय.

शेवटी अप्पांनी पाटीवर चित्र काढलं. बाण, मापं, खाली खडूनं: "आदी आतून, मग भायेरून. उलटं करू नको." पाटीचा फोटो रफीकभाईंना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: "चाचा बोले तो बराबर." हेच मी चार वेळा तोंडानं सांगितलं होतं. पण मी पडले ऑपरेशन थिएटरची सिस्टर, मला काय कळतंय लेथमधलं! अप्पा चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, माग दुरुस्त करणारे, अख्ख्या पेठेतले माग त्यांच्या हाताखालून गेलेले. गळ्याच्या ऑपरेशननंतर नळी बसली, आवाज गेला. हुकूम सोडायची सवय काही गेली नाही.

८ सप्टें., सोम.
दुपारी लाईट गेली. मी थिएटरमध्ये, केस चालू, बाहेर माझा फोन वाजतोय. शेजारच्या काकू. तिसऱ्यांदा वाजल्यावर आयाबाईंनी फोन कानाला लावला. "अप्पा कसंतरी करायलेत, लवकर ये." सरांनी सोडलं. रिक्षा.

अप्पा पलंगाच्या कडेला, ओठ निळसर. मोठ्या सिरिंजला नळी जोडून गळ्यातला कफ स्वतःच ओढायला बघत होते. एका हातात सिरिंज, एका हातात नळी, दट्ट्या मागं ओढायला तिसरा हात आणायचा कुठून? मी ओढलं. श्वास मोकळा झाला.

सक्शन मशीन उशाशी आहे, लाईट गेली की नुसता ठोकळा. बॅटरीवालंही आणलं होतं. आठ महिन्यांत बॅटरी फुगली. कंपनीचा माणूस म्हणतो, मॅडम, ती बॅटरी आता येत नाही, नवीन मशीन घ्या. हे मशीन करणाऱ्यांच्या घरी कधी लाईट जात नसेल.

आमचा पंप पायानं चालला पाहिजे. पाय दाबला की ओढलं पाहिजे, हात दोन्ही मोकळे. एवढंच हवंय मला.

१४ सप्टें., रवि.
ओढलं!!

पितळी सिलिंडर (चौथा), मागाच्या जुन्या पट्ट्यातून कापलेला चामड्याचा वॉशर, रबराचा व्हॉल्व्ह, मागाचीच स्प्रिंग, लोणच्याची काचेची बरणी. वजन, अप्पांच्या पिशवीत बसेल एवढं. साबुदाण्याची घट्ट पेज करून ओढून बघितली. दाबाच्या मीटरची सुई शंभरच्या पुढं गेली आणि तिथं थांबली. प्रत्येक दाबाला असला आवाज येतो की काकू दारातून डोकावल्या. अप्पांनी पाटीवर नाव ठेवलं: "बेडकी".

मग स्वतः खुर्चीत बसले, पाय पेडलवर, हातात नळी. माझी मदत न घेता गळ्यातली नळी साफ केली. मी बाजूला हात बांधून उभी. मेलं रडू आलं मला.

संध्याकाळी होटगीहून आत्याचा फोन. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच. अप्पांना ती आण्णाच म्हणते. "आण्णाला म्हनावं, औंदा तरी भाऊबीजेला ये की. मी काय आता हितनं हालत न्हाय. मागल्या खेपेला मोबाईलला ववाळलं. मोबाईलला ववाळायचं म्हंजे काय, डोंबल!" अप्पा ऐकत होते. पाटीवर लिहिलं: "भाऊबीज. होटगी. मी जानार." खाली दोन रेघा. दोन वर्षांत त्यांनी दवाखान्याशिवाय गल्ली ओलांडलेली नाही.

१९ सप्टें., शुक्र.
अप्पांना होटगीच्या वस्तीवर न्यायचं, त्यासाठी सरांशी बोलले. अप्पांचं ऑपरेशन त्यांनीच केलंय, मीही त्यांच्याच थिएटरला, त्यामुळे 'नाही' म्हणायला त्यांनाही अवघड. आधी म्हणाले, "वा सिस्टर, फार चांगलं इनिशिएटिव्ह." हे वाक्य ऐकलं की मला कळतं आता 'पण' येणार. आला. "पण वस्तीवर लाईटचा भरवसा नाही, जवळ दवाखाना नाही. घरी केलेल्या यंत्रावर मी पेशंट सोडू?"

म्हटलं, तुम्हीच तपासा. तर दसऱ्यानंतरचा शनिवार दिला. समोर सलग दहा वेळा ओढून दाखवायचं. जमलं तर होटगीला परवानगी.

घरी आल्यावर अप्पांना सांगितलं. पाटी: "धा काय, पन्नास घे."

२७ सप्टें., शनि.
घरी सलग पंचवीस. पेज, पाणी, पुन्हा पेज. एकदाही अडकली नाही. अप्पांनी पिशवीला आतून जाड टॉवेल शिवून घेतला, बेडकीला धक्का लागू नये म्हणून. माझ्या लहानपणी मला शाळेत सोडतानासुद्धा एवढी काळजी घेतली नव्हती!

१ ऑक्टो., बुध. खांडेनवमी
थिएटरच्या बाहेरच्या खोलीत हत्यारांची पूजा. दरवर्षीप्रमाणे मी दोन बोथट कात्र्या आणि एक मोडका चिमटा पुढं केला, बाकीचं कपाट कुलपात. हळद-कुंकू लागलेलं हत्यार मी पुन्हा ट्रेमध्ये घेत नाही. यावरून दरवर्षी सगळे मला हसतात.

घरी आले तर अप्पांनी पाट मांडलेला. पाने, पक्कड, मागाची जुनी धोटी, आणि मधोमध बेडकी. झेंडूची माळ, पितळेवर कुंकवाची पाच बोटं. काय चकाकत होती! मी म्हटलं, एकदा चालवून बघू का? अप्पांनी हात आडवा केला. आज पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत चालवायचं नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलंय. कारखान्यात या दिवशी माग बंद ठेवून पुसून-पासून ठेवायचे. मीही आग्रह केला नाही. पूजा बघून बरं वाटत होतं.

३ ऑक्टो., शुक्र.
डबल ड्युटी. बेडकी पाटावरून तशीच पिशवीत. उद्या.

४ ऑक्टो., शनि.
घाण झाली सगळी.

पहिल्या चार वेळा उत्तम. सर वाकून बघत होते, म्हणालेसुद्धा, "अरे, चांगलं ओढतंय." पाचव्यांदा पेडल खाली गेलं ते वर येईना. आलं तर सुई हलेना. मी दाबतेय, दाबतेय, बेडकी नुसती फुसफुसतेय. बरणीत पेज जिथल्या तिथं. अप्पा शेजारी खुर्चीवर, ठेवणीतलं धोतर नेसून आलेले.

सर ओरडले असते तर परवडलं असतं. हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, हेच होटगीच्या वस्तीवर झालं असतं तर?"

मी बरणी रिकामी केली, बेडकी पिशवीत घातली.

५ ऑक्टो., रवि.
सकाळी खोलली. रबराचा व्हॉल्व्ह फुगून दुप्पट झालेला, मऊ, बोटानं चेपतोय, भिजलेल्या जर्दाळूसारखा. बसणार कसा जागेवर? आणि वास. तो वास मी झोपेतही ओळखीन. अप्पांच्या सदऱ्यांना आयुष्यभर हाच वास होता, मागाच्या तेलाचा.

विचारलं, तेल घातलंत? अप्पांनी लगेच, जराशा ऐटीतच लिहिलं: "व्हय. नवमीला. वॉशर कोरडा होता. तेलाशिवाय मशीन पुजायचं नसतं."

म्हणजे पुजायच्या आधी पुसायचं, तेल द्यायचं, मग कुंकू. चाळीस वर्षं प्रत्येक मागाला हेच केलं. चामड्याला ते मानवलं. शेजारच्या रबरात तेल उतरलं, आणि दसरा होईपर्यंत चालवायची नाही म्हणून आम्हाला कळलंच नाही. तीन दिवस ती पाटावर बसून फुगत होती.

मी फुगलेला व्हॉल्व्ह त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "तुमच्याच हातानं घालवलीत तुम्ही भाऊबीज. जिथं तिथं बोट घातल्याशिवाय चैन पडत नाही ना?"

त्यांनी पाटी पुसली. काही न लिहिता नुसती पुसली.

असं बोलायला नको होतं. पण चिडले होते मी, खोटं कशाला लिहू.

९ ऑक्टो., गुरु.
पाटी कोरी. जेवायला बोलावलं की येतात, औषध दिलं की घेतात. बेडकी टेबलावर सुटी करून ठेवलीये, तिच्याकडे बघतही नाहीत. खुर्ची खिडकीकडं वळवलीये. एरवी मी स्क्रू पिळायला घेतला की उजव्या खांद्यामागून पाटी पुढं यायची: "उलटं पिळतीस." किती राग यायचा!

तेलाची बुधली खिळ्यावर नाही. काकूंकडून कळलं, अप्पांनी ती रफीकभाईंच्या हातात दिली. कायमची.

१३ ऑक्टो., सोम.
रबराऐवजी सिलिकॉनचा व्हॉल्व्ह लावावा म्हणून मागवला. कुरिअरवाला सांगतो पुण्यात अडकलाय, दिवाळीची गर्दी. वॉशर कोरडा पडला की हवा सोडतो, तेल लावावं तर रबर फुगतं. इकडं आड तिकडं विहीर. सरांना पुन्हा वेळ मागितली. "दिवाळीनंतर बघू ना, काय घाई आहे?"

घाई आहे. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे.

१७ ऑक्टो., शुक्र.
दिवाळीची साफसफाई. खिडकीच्या कोपऱ्यात, अप्पांच्या खुर्चीआड, तीन वाट्या झाकून ठेवलेल्या. तेल, त्यात काळं काहीतरी बुडालेलं. मला वाटलं कुठलं तरी औषध उरलंय. मोरीत ओतायला निघाले तर अप्पांनी मनगट धरलं. घट्ट. बारा दिवसांत पहिल्यांदा पाटी हातात घेतली.

"थांब की. उद्या बघू."

वाट्यांत रबराचे तुकडे होते. आमच्याच रबरातून कापलेले, तिन्ही एका मापाचे. खाली खडूनं एक-दोन-तीन.

१८ ऑक्टो., शनि.
सकाळी अप्पांनी तिन्ही तुकडे कागदावर ओळीनं मांडले. मागाच्या तेलातला (बुधली देण्याआधी तेवढं काढून ठेवलं असणार) फुगून लगदा. खोबरेलातला थोडा फुगलेला. तिसरा जसाच्या तसा. मापाला लावून दाखवला.

पाटी: "एरंडेल. चामडं मऊ ऱ्हातं, रबराला खात न्हाई."

खाली बारीक अक्षरात: "आदी इचारायला पायजे होतं. मी कुनाला इचारलंच न्हाई कदी."

म्हणजे हा माणूस बारा दिवस खिडकीत तोंड फिरवून रुसला नव्हता. रबर बघत होता. मी तेवढे दिवस मनातल्या मनात भांडत होते त्यांच्याशी. "अप्पा, चुकलं माझं," म्हणाले. त्यांनी हातानं 'बास' केलं आणि व्हॉल्व्ह कापायला घेतला.

२० ऑक्टो., सोम.
नवा रबरी व्हॉल्व्ह, एरंडेल लावलेला वॉशर. काल वीस, आज तीस. तेल लावून दोन दिवस तशीच ठेवायची, मग पुन्हा, असं अप्पांचं म्हणणं. आता तेच जास्त घाबरतात. सरांना फोन केला, गावाला गेलेत. मेसेज टाकला, व्हिडिओ पाठवला. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं. "त्यांचा पेशंट आहे, मी कसं सांगू?" बरोबरच आहे. सगळे बरोबरच असतात.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा
दोन दिवस ठेवून आज चालवली. सलग चाळीस. व्हॉल्व्ह काढून मापाला लावला, तसाच. मोठी सिरिंजही पिशवीत ठेवली, काय सांगावं. दुपारी लाईट गेली होती, अप्पांनी स्वतःच नळी साफ केली. मला काकूंनी नंतर सांगितलं, फोनसुद्धा केला नाही.

सरांचं उत्तर नाही. अजून दोनदा फोन केला.

आत्याचा फोन येऊन गेला. "पाट मांडून ठिवते. आला तर आला." तिला काहीच सांगता येईना. रिक्षावाला विचारतोय, उद्या आठला येऊ की नको. होटगी काही फार लांब नाही. पण बेडकी वाटेत अडकली तर त्या वस्तीवर मी एकटी, आणि सरांचा शब्द मोडलेला. न्यावं तर भीती. न न्यावं तर पुढच्या भाऊबीजेपर्यंत दोघांपैकी कोण राहील?

अप्पांना म्हटलं, तुम्ही सांगा. मला वाटलं, दोन रेघा मारून 'जानार' येईल. बरंच झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी खडू घेतला. मग लिहिलं, पाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि बेडकी पुसायला बसले.

"तू म्हनशील तसं."

अप्पांच्या सत्तर वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाला लिहिलेलं, बोललेलं मला माहीत नाही. पाटी समोर आहे. रिक्षावाल्याला अजून कळवलं नाही.