बाभळीची पुली

१ मार्च १९४३, सोमवार. निपाणी

आज पुन्हा मोटारीच्या पंख्याचा पट्टा तुटला! पंधरवड्यातला तिसरा. थोरल्या भावाने, अण्णाने, झाकण उघडून त्याच्या चिंध्या आप्पांपुढे टाकल्या — "नवारीच्या पट्ट्यावर कुठं मोटार चालती व्हय?"

रबरी पट्टे लढाईने नाहीसे केले. चामड्याचा मिळतो, पण आप्पा ऐकायचे नाहीत. "जैनाच्या मोटारीत चामडं? आन् त्याच मोटारीतनं बस्तीला देवदर्शनाला जायचं?" म्हणून आई बाजेची नवार चौपदरी शिवून देते, आणि ती दोन दिवसांत चिरते. पट्टा नाही तर पंखा नाही. पंखा नाही तर बेळगावच्या वाटेवरच्या तवंदीच्या घाटात इंजिनाचे पाणी उकळणार.

माझी मॅट्रिक सोळा तारखेपासून बेळगावात. भाड्याच्या सर्व्हिस मोटारीने, परक्या उतारूंत, मुलगी पाठवायची नाही, हा आप्पांचा नियम. जेवताना अण्णा म्हणाला, "मोटार धड न्हाय, तर पुढच्या वर्षी दे की परीक्षा."

पुढच्या वर्षी! चिकोडीचे स्थळ वैशाखात पाहायला येणार आहे. सात वर्षे वर्गात पहिली आले, ती पोह्यांची बशी धरून बसण्यासाठी?

बोलले नाही. नेहमीप्रमाणे. पण मी जाणार.

३ मार्च

दुपारी सारे निजल्यावर मोटारीपाशी गेले. तुटलेले तिन्ही पट्टे ओळीने मांडले. तिन्ही एकाच काठावर चिरलेले! दोष नवारीचा असता, तर ते वाटेल तेथे फाटले असते. पट्टा जिच्यावरून फिरतो त्या पंख्यामागच्या पुलीवरून बोट फिरवले — मध्ये झिजून खोलगट, आणि एक कड तुटून करवतीसारखी. बोट कापले. पुरावा मिळाला!

दिवस मावळण्यापूर्वी जेवणे झाली, तेव्हा पाटीवर आकृती काढून आप्पांपुढे ठेवली. तोंडाने सांगण्याचा धीर झाला नाही. त्यांनी ती निरखून अण्णाला विचारले, "बाहुबली, पुलीचं मष्णूला विचारलंतास न्हवं?" मष्णू म्हणजे बेळगावच्या कॅम्पातला मिस्त्री, आमची मोटार तोच पाहतो.

"विचारलं की संक्रांतीला. लढाई हाय, पुली मिळत न्हाय." मग माझ्याकडे वळून — "लई शिकलीस गं ब्राह्मी! आता मिस्त्रीण हो."

दोनदा मॅट्रिकला बसून दोनदा नापास झालेल्या माणसाने असे म्हणावे! (हे फक्त येथे लिहिते.)

६ मार्च

दळण घेऊन गेले. गिरणीचा पट्टाही कापडीच, तरी दिवसभर जागचा हलत नाही. का? इंजिन थांबल्यावर त्या मोठ्या चाकाच्या पाठीवर हात ठेवला. मधोमध किंचित फुगीर! पट्टा उंचवट्याकडे ओढला जातो आणि मध्यावरच राहतो. आमची पुली नेमकी याच्या उलट झाली आहे.

गिरणीवाला ओरडला, "आक्का, पीठ तिकडं हाय वो!" बायका हसल्या. कानांपर्यंत तापले, पण पुरते समजेपर्यंत हात काढला नाही.

८ मार्च

ज्योतिबा सुतार बैलगाडीची चाके करतो. जुनी पुली आणि मापांसह काढलेला नकाशा त्याच्यासमोर ठेवला.

"मोटारीला लाकडाची पुली? लोक हसतील की वो, आक्का."

"हसू देत. बाभळीची करा. आणि पाठ मध्ये फुगीर."

एवढी वाक्ये मी परक्या माणसाशी प्रथमच बोलले असेन.

अण्णाला कळले. "पंख्यासकट उडंल, काच फोडंल!" आई पट्टा शिवीत होती. मान वर न करता म्हणाली, "उडू दे. तिला करू दे."

११ मार्च

पुली बसली! इंजिनाच्या खालच्या पुलीपासून वर दोरा ताणून पाहिला. दोन्हींच्या कडांना सारखा टेकला. चारही बोल्ट मीच आवळले. नखांतले वंगण निघत नाही — न निघो!

१४ मार्च, रविवार. बेळगाव-शहापूर, मावशीकडे

या महिन्याच्या पेट्रोलच्या कुपनांत एकच फेरी बसते. अण्णा चालवीत होता, शेजारी आप्पा, मागे मी आणि पुस्तके. घाटाच्या पायथ्याशी अण्णाने मोटार थांबवली. "आप्पा, अजून इचार करा. वर बंद पडली तर? परत फिरवू का?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी दप्तर मांडीवर घट्ट धरले आणि म्हणाले, "चला."

घाटमाथ्यावर झाकण उघडून पाहिले. पाणी तापलेले, पण उकळी नाही! पट्टा मध्यावर, एकही धागा सुटलेला नाही. आप्पांनी पुलीला बोट लावून पाहिले. अण्णा मात्र लांब जाऊन उभा राहिला. एवढे काय लागले त्याला?

१५ मार्च

सकाळी मष्णू मिस्त्री मोटार बघायला आला. झाकण उघडले आणि हसत सुटला. "ही बाभळ कुणी बशिवली वो? बाहुबलीअण्णा, ओतीव बिडाची नवी पुली संक्रांतीलाच तुमच्या हातात दिलती न्हवं मी?"

म्हणजे दोन महिने नवी पुली अण्णाकडेच होती! अण्णा मान खाली घालून उभा. आप्पांनी हात पुढे केला. अण्णाने मोटारीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

मष्णू गडबडून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, माझ्याकडची दुसरी बशिवतो."

"नको," मी सर्वांसमोर म्हणाले. "हीच राहील."

उद्या पहिला पेपर.